दोष बॉक्सचा

नेरूळ, १२ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

फराळाचा डबा पोचला. कडबोळी वाटेत मोडली, पण चवीला काही झालेलं नाही. हे वाटीत चुरा घेऊन चमच्याने खातात आणि तुझं नाव घेतात. तुझं कानातलं यंत्र पुन्हा शिट्ट्या मारायला लागलं हे वाचून वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. यंत्र नीट चाललं तर तू फोनवर बोलशील, आणि मग पत्रं कोण लिहिणार?

आता जे लिहायला हात धजत नाही ते लिहिते. तुझा कार्यक्रम गेला. कोकणातल्या जुन्या शाळांवरचा तो कार्यक्रम, ज्यात माजी मुख्याध्यापिका म्हणून तू बोललीस आणि नेमकी त्याच वेळी केळशीत वीज गेल्यामुळे तुलाच बघता आला नाही. आमच्या टीव्हीच्या बॉक्समध्ये साठवलेला आहे, मे महिन्यात येशील तेव्हा पाय पसरून बघ, असं मी तुला ऐटीत कळवलं होतं. त्या दिवशी आम्ही करंजाड्याला शौनककडे जेवायला गेलो होतो. निघताना हे म्हणाले, रेकॉर्डिंग लावलंय. काल मी उघडून बघितलं तर त्या जागी साड्यांच्या सेलची जाहिरात, चांगली तासभर. शौनकने इंटरनेटवर शोधलं. एक तुकडा सापडला, त्यात शाळेची कौलं दिसतात, चिंच दिसते, तू बोलायला तोंड उघडतेस आणि तुकडा संपतो.

हल्ली हा बॉक्स असाच छळतो. तुला माहीतच आहे, संध्याकाळी खालच्या मजल्यावर क्षिप्राच्या हॉलमध्ये माझा गणिताचा क्लास असतो, आणि माझी मालिका अगदी त्याच वेळी. म्हणून ती बॉक्समध्ये साठवून ठेवायची आणि रात्री जेवताना दोघांनी मिळून बघायची, हा आमचा नेम. रेकॉर्डिंग लावणं हे ह्यांचं खातं. सासरेबुवा जसे देवपूजेला कुणाला हात लावू देत नसत तसं ह्यांचं रिमोटचं आहे. पण दिवाळीच्या आधीपासून कधी भाग येतच नाही, कधी भलत्याच वाहिनीवरचं काहीतरी येतं. एकदा तर साठवलेलं सगळं गायब. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. काही फॉल्ट नाही आंटी, म्हणतो, आणि वायर काढून पुन्हा लावतो.

शौनक म्हणतो, आई, इतका जुना बॉक्स कोण ठेवतं, फेकून द्या, नवा आणतो. हे म्हणतात, अजिबात नाही, हाच ठेवायचा. मीही ह्यांच्याच बाजूने बोलते. उगीच चांगली वस्तू कशाला टाकायची.

कळावे. आपला लोभ तेवढा पुसला जाऊ नये, ही विनंती बॉक्सला करून उपयोग नाही म्हणून तुला करते.

तुझी,
स्मिता


केळशी, २१ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. स्मितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. कार्यक्रम गेला म्हणून जिवाला लावून घेऊ नकोस. माझं तोंड मी रोज आरशात बघते, आणि काय बोलले ते मला पाठ आहे. शिवाय वीज सगळ्या गावाची गेली होती, त्यामुळे कुणीच काही पाहिलेलं नाही आणि मी फार सुंदर बोलले अशी गावात ख्याती झाली आहे. ती तशीच राहिलेली बरी.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मात्र मला कळली नाही. विलासरावांनी उभा जन्म रबाळ्याच्या कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासण्यात घालवला. केसाएवढा फरक दिसला तर माल परत पाठवणारा माणूस. माझ्याकडे आले की चहाच्या आधी भिंतीवरचं घड्याळ लावतात. अशा माणसाला घरातलं खोटं यंत्र चालतं कसं? आणि तू त्यांची री ओढतेस, हे तर नवलच. लग्न झाल्यापासून त्यांनी पूर्व म्हटलं की तू पश्चिम म्हणत आलीस.

वस्तू दगा द्यायला लागली की बदलावी. वस्तूच ती, नातं नव्हे. हे पत्र त्यांनाही वाचून दाखव आणि दोघं मिळून उत्तर द्या.

इकडे थंडी पडली आहे. माडावरून पडून शेजारच्या गड्याचा पाय मोडला, आता बरा आहे. तुझ्या शुद्धलेखनाबद्दल या वेळी काही बोलत नाही.

आशीर्वाद आहेतच, ते मागायची गरज नाही.

अक्का


नेरूळ, २ डिसेंबर २०२४

ती. अक्का यांस,
विलासचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी लिहितो आहे ते स्मिताला माहीत नाही. तुमचं पत्र तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. खोटं यंत्र चालतं कसं, या तुमच्या प्रश्नावर ती हसली. मी हसल्यासारखं केलं. तुम्ही प्रश्न बरोबर विचारलात म्हणून उत्तर तुम्हालाच देतो.

अक्का, बॉक्स चांगला आहे.

कारखान्यात आम्ही एक गोष्ट शिकलो. मशीनवरून जॉब पुन्हा पुन्हा चुकीच्या मापाचा येत असेल तर आधी ज्या गेजने मोजतोय ते तपासायचं. मी तपासलं. रिमोट हातात घेतो, लाल बटण दाबायचं हे कळतं, पण कशासाठी ते मध्येच निसटतं. कधी दाबलं असं वाटतं आणि दाबलेलं नसतं. कधी बोट दुसऱ्याच वाहिनीवर जातं. साठवलेलं सगळं गेलं तेव्हा तेही माझ्याच हातून. पुसायचं का, असं पडद्यावर विचारतात. मी हो म्हटलं असणार. तुमचा कार्यक्रमही बहुधा मीच घालवला. त्याची क्षमा कशी मागावी ते सुचत नाही. क्लास आटोपून स्मिता वर आली की मी म्हणतो, बॉक्स हँग झाला. ती बिचारी विश्वास ठेवते.

नुसतं रिमोटचं असतं तर लिहिलं नसतं. मागे एकदा सकाळी फिरून परत येताना करावे गावाच्या नाक्यावर उभा राहिलो. सगळे रस्ते ओळखीचे, पण आपला कोणता ते येईना. आमच्याकडे मासळी घेऊन येते ती शेवंताबाई टोपली घेऊन चालली होती. तिने मला काही विचारलं नाही. चला शेट, माजी पन वाट तीच हाय, एवढं म्हणाली आणि कोळंबीबद्दल बोलत बोलत मला सोसायटीच्या गेटपर्यंत आणून सोडलं. गेट दिसलं आणि सगळं जागेवर आलं.

आता अडचण अशी की शौनकने न विचारता नवीन बॉक्स मागवला आहे. २८ तारखेला शनिवारी माणूस बसवायला येईल. नव्या बॉक्समध्येही भाग आला नाही तर दोष कुणाचा म्हणणार? स्मिताला कळलं की ती दुसऱ्या दिवशी क्लास बंद करील आणि माझ्यापाशी बसून राहील. मुलं दारात आली की ती किती वेगळी दिसते, ते तुम्ही पाहिलेलं आहे. माझ्यामुळे ते जायला नको.

तुमचा शब्द ती मोडत नाही. जुन्याच बॉक्सवर थोडं थांबा, असं तिला लिहा. मला उत्तर पाठवाल ते सोसायटी ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. सकाळी मी तिथे वर्तमानपत्र वाचत बसतो.

लोभ असावा असं म्हणण्याइतका मी सध्या खरा वागत नाही. तरी असावा.

आपला,
विलास


नेरूळ, ५ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

या पत्राचं उत्तर घरी पाठवू नकोस. क्षिप्राचा फ्लॅट नंबर पाकिटामागे लिहिलाय, तिच्या नावाने पाठव, ती मला देईल. आमची पत्रपेटी हे उघडतात आणि तुझं पत्र आम्ही नेहमी एकत्रच वाचतो, म्हणून ही चोरी.

तू विचारलंस, मी ह्यांची री का ओढते. अक्का, बॉक्सला काही झालेलं नाही. झालंय ते ह्यांना.

मला दसऱ्यापासून माहीत आहे. त्या दिवशी क्लास लवकर सुटला. वर आले, किल्लीने दार उघडलं. ह्यांना कळलंच नाही. टीव्हीवर माझ्या मालिकेचं गाणं चालू होतं आणि हे समोर रिमोट हातात घेऊन उभे होते. एकेका बटणावर अंगठा ठेवायचे आणि उचलायचे. चेहरा असा, की परक्या गावात पाटी वाचता येत नाहीये. मी आत पाऊल टाकलं नाही. हळूच दार ओढून घेतलं, बाहेर थोडी थांबले आणि मग बेल वाजवली. दार उघडलं तेव्हा हसून म्हणाले, आजही बॉक्स हँग झाला बघ. मी म्हटलं, हो का, काय कटकट आहे.

तेव्हापासून हेच चाललंय. ज्या दिवशी भाग साठवला गेला नाही त्या दिवशी हे मला गोष्ट सांगतात, कारण मालिका त्यांनी बघितलेली असते. एकदा म्हणाले, धाकटी सून भांडून नाशिकला निघून गेली, स्टेशनवर तिला सासरा भेटला आणि दोघं बाकावर बसून भजी खात रडली. दुसऱ्या दिवशी बघते तर सून घरातच, मोदक वळतेय. नाशिक नाही, स्टेशन नाही. मनातून सगळं रचलं होतं, आणि रचलंय हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ती गोष्ट मालिकेपेक्षा चांगली होती ग, म्हणून जास्त भीती वाटली.

शेवंताबाईनेही मला दारात बाजूला घेऊन सांगितलं, शेटना एकटं फिराला सोरू नको. का, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

शौनक सारखा मागे लागलाय. त्याने बॉक्स मागवलासुद्धा, शनिवारी २८ ला येतोय. तो आला की हे उघडे पडतील. मुलासमोर, माझ्यासमोर. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या त्याला हे सोसणार नाही. बॉक्स बिघडलाय असं म्हणता येतंय तोवर आमच्या घरात दुसरं काही बिघडलेलं नाही. तू शौनकला चार ओळी लिही, मावशीचं तो ऐकतो. म्हाताऱ्यांचा बॉक्स म्हाताऱ्यांना राहू दे, असं काहीतरी लिही.

मी रडत नाहीये. क्लासमध्ये तर मुळीच नाही. तुझा हात डोक्यावर असू दे, एवढंच.

तुझी,
स्मिता


केळशी, १६ डिसेंबर २०२४

श्री. विलासराव यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि पेटीत ठेवलं. तुमची गोष्ट माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. पण तुमच्या वतीने स्मिताला खोटंही लिहिणार नाही. त्या कामी मी कधीच बरी नव्हते.

कार्यक्रमाची क्षमा मागू नका. मी काय बोलले ते तुम्हाला मे महिन्यात समोर बसून ऐकवीन, आणि मग तुम्हालाच वाटेल की पुसलेलं बरं होतं.

स्मिता क्लास बंद करील, हे तुम्ही धरून चालला आहात. करील किंवा करणार नाही. ते तिने ठरवायचं. तिच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट तिला न सांगता तुम्ही परस्पर ठरवून टाकलीत, हे तुमच्या हिशेबात बसतं का? शेवंताबाईने काही विचारलं नाही, हा तिचा चांगुलपणा. बायकोला मात्र विचारायची वेळ येऊ नये.

शनिवारच्या आधी तिच्याशी बोला. मन धीट करून नाही, नेहमीसारखंच, चहा पिताना.

तुमच्याबद्दल मला जे वाटतं त्यात या पत्राने काही उणं झालेलं नाही, हे खात्रीने समजावं.

मुक्ता


केळशी, १६ डिसेंबर २०२४

चि. सौ. स्मितास,
अनेक आशीर्वाद.

तू दार ओढून घेतलंस आणि बेल वाजवलीस, तिथवर वाचलं आणि पत्र खाली ठेवून मी अंगणात जाऊन आले. आईने तुला काय चांगलं शिकवलं ते मला त्या दिवशी कळलं.

पण बाळ, किती दिवस दाराबाहेर उभी राहणार आहेस? आता आत जा.

शौनकला मी काही लिहिणार नाही. बॉक्स येऊ दे.

अक्का


नेरूळ, ३० डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

हे पत्र आमच्याच टेबलावर बसून लिहितेय, आणि हे समोर बसलेत.

शुक्रवारपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. रोज ठरवायचे, रोज भाजी निवडत राहायचे. शनिवारी सकाळी बघते तर ह्यांनी दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला. पूर्वी कारखान्यात बाहेरची तपासणी असली की असे तयार व्हायचे. बॉक्सवाला आला, त्याने खोकं फोडलं, थर्माकोल बाहेर काढला. ह्यांनी त्याला थांबवलं, खुर्चीत बसवलं, मला म्हणाले चहा टाक. चहा आणला तेव्हा कप हातात न घेताच मला म्हणाले, जुना बॉक्स चांगला आहे, विसरतो मी. रेकॉर्डिंग लावायचं मी विसरतो, लावलं की नाही तेही विसरतो, आणि तुला खोटं सांगतो.

मी म्हटलं, मला माहीत आहे.

अक्का, मला वाटलं होतं हे ऐकून त्यांचा जीव हलका होईल. तसं झालं नाही. कधीपासून, असं विचारलं. मी बेलची गोष्ट सांगितली. ते उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. मग तिथूनच म्हणाले, तू मला इतके दिवस खोटं बोलू दिलंस. आवाज चढवला नाही, त्याने जास्तच लागलं. मी म्हटलं, मला वाटलं मी तुम्हाला सांभाळतेय. ते म्हणाले, मला वाटलं मी तुला सांभाळतोय. तो बॉक्सवाला मुलगा बिचारा चहा संपवून बसला होता. त्याने विचारलं, अंकल, लावू की नको? हे म्हणाले, परत ने, आमच्या बॉक्सला काही झालेलं नाही. तो गेला, थर्माकोलचा पसारा तसाच टाकून. आम्ही दोघांनी मिळून तो झाडला. ते पांढरे मणी केरसुणीला चिकटत राहतात, सुपलीत येतच नाहीत. त्यातच केव्हातरी हसू आलं.

जेवायला कालची आमटी आणि भात. जेवताना सगळं बोललो. करावे नाक्याचंही सांगितलं त्यांनी. क्लास बंद करायचा नाही अशी मला शपथ घालायला लागले. मी म्हटलं, बंद करायचा विचार माझ्या मनात नव्हताच, तुम्हीच आणून ठेवलात. थोडे रागावले, मग बरं वाटलं त्यांना.

शौनकला फोन दोघांनी मिळून केला. आधी बॉक्स परत पाठवला म्हणून चिडला. मग आम्ही कारण सांगितलं. संध्याकाळी करंजाड्याहून निघून आला आणि बाबांच्या शेजारी सोफ्यावर बसून क्रिकेट बघत राहिला. जाताना वाकून नमस्कार केला. तो एरवी दिवाळीला सांगितल्याशिवाय करत नाही.

नव्या वर्षात डॉक्टरकडे जायचंय. तू दोघांनाही एकाच दिवशी पत्र लिहिलंस, हे आत्ता कळलं. धूर्त आहेस. अशीच आमच्यावर नजर असू दे.

तुझी,
स्मिता


केळशी, ८ जानेवारी २०२५

चि. सौ. स्मिता आणि श्री. विलासराव,
दोघांनाही एकाच पाकिटात आशीर्वाद.

बरं झालं. एका घरासाठी तीन पत्ते सांभाळताना माझी त्रेधा उडत होती. एकदा तर क्षिप्राच्या नावाचं पाकीट विलासरावांच्या पत्रावर चिकटवणार होते.

डॉक्टरकडे जाताना यादी करून जाऊ नका, जे आठवेल ते सांगा. जे आठवणार नाही तेही सांगा. आणि कौतुकाने किंवा दयेने बोलणारा डॉक्टर असेल तर दुसरा बघा.

विलासराव, स्मितावर राग धरू नका. दाराबाहेर ती किती वेळ उभी होती ते तिने मला लिहिलं नाही, तुम्हीही विचारू नका.

लगेच कळवा. मी वाट बघते आहे.

अक्का


नेरूळ, २ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

डॉक्टर चांगली आहे, शौनकच्या वयाची. दया वगैरे नाही, सरळ बोलते. रक्त तपासलं, डोक्याचे फोटो काढले, आणि एक दिवस नुसते प्रश्न. ह्यांना घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी वर्तुळ असं काढलं की कंपासने काढल्यासारखं. मिनिटांच्या रेघासुद्धा सगळ्या सारख्या. मग ती म्हणाली, आता अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. काटे कुठे ठेवायचे ते आलं नाही. पेन्सिल टेबलावर ठेवून माझ्याकडे बघितलं. मी ह्यांचा हात धरला, परीक्षेत मदत चालत नाही हे माहीत असून.

सुरुवात आहे, म्हणाली. गोळ्या दिल्यात. त्याने थांबत नाही, हळू होतं. किती हळू ते कुणी सांगू शकत नाही. रोज चालायचं, लोकांत राहायचं, एकटं बसायचं नाही. परतताना रिक्षात हे म्हणाले, अजून बराच काळ मी तुला ओळखणार आहे असं दिसतं, चेहरा जरा बरा कर.

आता ऐक. रेकॉर्डिंगचं खातं मी घेतलं. हे शेजारी बसून वाहिनीचा नंबर वाचतात, मी बटण दाबते. पहिल्याच दिवशी भाग अर्ध्यात तुटला. मला वाटलं, माझीच चूक. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून लाल ठिपका नीट बघितला, मगच मी खाली गेले. वर येऊन बघते तर काहीच नाही. तिसऱ्यांदाही तेच. मग कंपनीतून दुसरा माणूस आला. तो म्हणाला, आतली डिस्क केव्हाची मरायला टेकलीय, कधी लिहून घेते, कधी नाही. आधीच्याने बघितलं कसं नाही? हे आधी बॉक्सकडे बघत राहिले. मग असे हसायला लागले की डोळे पुसावे लागले. म्हणाले, म्हणजे मी सगळं माझ्यावर घेऊन बसलो होतो आणि हा पठ्ठ्या शेजारी निर्दोष म्हणून मिरवत होता.

तेव्हा जुना बॉक्स एकदाचा गेला. शौनकने परत पाठवलेलाच पुन्हा मागवला. त्याने मी जिंकलो असं एकदाही म्हटलं नाही.

आणखी एक. क्लास आता क्षिप्राकडे नाही, आमच्याच हॉलमध्ये भरतो. टीव्ही बंद असतो, त्यामुळे रेकॉर्डिंग लागलं की नाही हे कुणी बघत बसत नाही. मुलं पट्टी वाकडी धरतात म्हणून ह्यांचा जीव खालीवर होतो. मुलांची नावं राहत नाहीत लक्षात, पण कुणाची रेघ तिरकी आली ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं.

मला कधी कधी भांडी घासताना भीती वाटते. ती इथे लिहून ठेवली, म्हणजे आजपुरती झाली.

मे महिन्याची वाट बघतोय. माया असू दे.

तुझी,
स्मिता


केळशी, १२ फेब्रुवारी २०२५

श्री. विलासराव आणि चि. स्मिता,
अनेक आशीर्वाद.

डिस्कची हकिकत वाचून मी इतकी मोठ्याने हसले की शेजारीण काय झालं ते बघायला आली. बाकीचं वाचून हसले नाही, पण ते तुम्हाला सांगायला नको.

एक निकाल द्यायचा राहिला आहे. माझा कार्यक्रम विलासरावांनी घालवला की डिस्कने, हे आता ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. दोन्ही आरोपी गुन्हा कबूल करतात. मी मुख्याध्यापिका होते तेव्हा अशा वेळी जो समोर नाही त्याच्या नावावर टाकत असे, कारण समोरच्याला उद्या पुन्हा वर्गात बसायचं असतं. सबब दोष बॉक्सचा. यावर अपील नाही.

स्मिता, भीती वाटली की इकडे लिहीत जा. माझ्या पेटीत जागा आहे.

मी मेपर्यंत थांबत नाही. होळी आटोपली की येते, आणि लगेच परत जाणार नाही. कानाचं यंत्र आणणार नाही, त्यामुळे जे काही बोलायचं ते तुम्हाला माझ्याजवळ बसूनच बोलावं लागेल.

अक्का


नेरूळ, २५ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का यांस,
विलासचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा निकाल मान्य. हे पत्र मी थोडं थोडं करून लिहितो आहे, म्हणून शाई दोन रंगांची दिसेल. स्मिताला माहीत आहे. ती इथेच वह्या तपासते आहे आणि मी काय लिहितो ते न बघितल्यासारखं करते आहे.

तुम्ही होळीनंतर येणार हे मला लक्षात आहे. तुमची खोली शौनकने येऊन आवरली. शेवंताबाईला सांगून ठेवलं आहे, तुम्हाला निवट्यांचं कालवण आवडतं म्हणून. ती म्हणाली, शेट, तुमी चौथ्यांदा सांगताव. मी म्हटलं, मग विसरायची नाहीस. रोज सकाळी तिच्या वाटेने मी तिच्याबरोबर चालतो आणि परत येतो. हे आमचं ठरलं आहे. उपकार वगैरे नाही, तिला बोलायला माणूस लागतो.

काही दिवस चांगले जातात. काही दिवशी शब्द जिभेवर येऊन परत फिरतो. काल चहाच्या गाळणीला काय म्हणतात ते आलं नाही. स्मिताने सांगितलं नाही, वाट बघितली. आलं थोड्या वेळाने. घाबरायला होतं, ते नाही म्हणणार नाही. पण लपवायचं नाही म्हटल्यावर किती वेळ रिकामा मिळतो, याचं मला नवल वाटतं.

डोकं जागेवर आहे तोवर एक मागून ठेवतो. तुम्ही इथून परत गेलात की पत्रं थांबवू नका. पुढे माझ्याकडून उत्तर आलं नाही तरी माझ्या नावाने वेगळं पाकीट पाठवत जा. स्मिता वाचून दाखवील. कुणाचं पत्र, असं मी तिला विचारलं तर तुम्ही वाईट वाटून घ्यायचं नाही. ती मला सांगेल, केळशीला तुमची एक मेहुणी आहे, शाळेत शिकवायची, स्वभावाने कडक आहे आणि तुम्हाला आठवणीने पत्र लिहिते. दर वेळी ती बातमी मला नवी असेल, आणि दर वेळी मला तितकाच आनंद होईल.

कळावे. लोभ असावा, आणि माझ्या वाट्याचाही तुम्हीच लक्षात ठेवावा.

आपला,
विलास